गडगडाट बाहेर, गप्पा आत

सायलेन्सर ही आवाज बंद करायची वस्तू आहे असं ज्याला वाटतं, त्यानं आमच्या वायंडॉटला येऊच नये. आमच्याकडे सायलेन्सर आवाजासाठी बसवतात. डेट्रॉइट नदीच्या या काठाला आम्ही जन्मभर मोटारींचे पत्रे ठोकले. प्रेस-शॉपमध्ये उमेदीची वर्षं घालवल्यावर कानांत उरलं ते एवढंच, की आठ सिलिंडरचं इंजिन दोन गल्ल्यांपलीकडे खाकरलं तरी कळतं आणि बायको शेजारी बसून हाक मारते ती कळत नाही. डॉक्टर याला आजार म्हणतात. आम्ही पेन्शन म्हणतो.

फ्लोरियन गॅपचिन्स्की माझ्यासमोरच्या प्रेसवर होता. त्याच्याकडे अडुसष्ट सालची हिरवी पाँटिअ‍ॅक जीटीओ आहे, कोरी घेतलेली. त्या काळी लहान मोटारीत थोरल्या मोटारीचं इंजिन कोंबायचे आणि ब्रेकचं काम देवावर सोपवायचे. अशा गाड्यांना आता म्हातारे जपतात, कारण तरुणपणी त्यांनीच त्या झाडांवर घालून संपवत आणल्या. फ्लोरियननं मात्र आपली गाडी कधी झाडाला दाखवलीसुद्धा नाही. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं, पत्रा गंजवणारं मीठ आहे तोवर ती बाहेर निघत नाही. वसंतात दोन मोठे पाऊस होऊन रस्ता धुतला गेला, की हा गुडघ्यावर बसतो, बोट डांबरावर फिरवून चाटतो, आणि खारट लागलं नाही तरच गॅरेजचं दार उघडतो.

आणि त्याचा एक कायदा होता. ती गाडी दुसऱ्या कुणी चालवायची नाही. हॉटेलच्या दारात गाडी लावून देणारी पोरं असतात, त्यांना तो किल्लीऐवजी टोपी द्यायचा. एकदा हर्निया फुगला तेव्हा हा पठ्ठ्या स्वतः गाडी हाकत इस्पितळात गेला. घरी सोडताना डॉक्टरनं बजावलं, क्लचवर पाय ठेवायचा नाही. मग काय, आम्ही सहा जणांनी ती गाडी ढकलत घरी आणली. फ्लोरियन पोटावर टाके घेऊन स्टेअरिंगवर बसलेला आणि खिडकीतून ओरडतोय, "हळू रे, रंग पुसाल!" ओटिस पेटवे माझ्या शेजारी ढकलत होता. तो मला म्हणाला, "ऑगी, याला खांद्यावरून नेला असता तर हलका पडला असता, आणि चार माणसांत भागलं असतं."

तर एका वर्षी मे महिन्यात, मिठाची चव घेऊन गाडी पहिल्यांदा बाहेर निघाली, आणि युरेका रोडच्या रेल्वे फाटकावर तिचा सायलेन्सर गळून पडला. कुठं आदळला नाही, काही नाही. एखाद्या वृद्धानं गोष्ट ऐकता ऐकता मान टाकावी तसा शांतपणे रुळांवर आडवा झाला. त्यानंतर जो आवाज झाला त्यानं फाटक आपणहून खाली आलं. आगगाडी येत असेल असं समजून लोक अर्धा तास थांबले होते.

घरी पोचल्यावर हेडी दारातच उभी होती. हेडी म्हणजे फ्लोरियनची बायको. अंगानं मूठभर, पण तिच्यासमोर प्रेस-शॉपचा फोरमन टोपी काढायचा.

"मेला का?" तिनं विचारलं.

"मेला," फ्लोरियन म्हणाला. "नवीन बसवावा लागेल."

"बरं झालं. मग आता नीट ऐक. ऐकू येतंय ना? बॅटरी आहे का मशीनमध्ये?"

फ्लोरियननं कानातलं यंत्र दाबून दाखवलं.

"जूनमध्ये आपल्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. तू म्हणालायस, मॅकिनॉच्या पुलावर जाऊ, लग्नानंतर गेलो होतो तसे, याच गाडीतून. पाच तासांचा रस्ता आहे. त्या वेळी मी पाच तास एक अक्षर बोलू शकले नव्हते. नवी नवरी होते, मला वाटलं नवऱ्यांच्या गाड्या अशाच असतात. या वेळी मला बोलायचंय. ज्या सायलेन्सरात माझं बोलणं तुला ऐकू येईल तो बसव. नाही जमलं तर माझी बहीण लॉटी कसिनोच्या बसनं तिकडेच निघाली आहे. मी तिच्याबरोबर जाईन, आणि तू तुझ्या गाडीबरोबर लग्नाचा वाढदिवस कर. केक मी करून ठेवीन."

हेडी एकदा बोलली की ते बदलत नाही. ईस्टरच्या आधीच्या उपासात, लेंटमध्ये, साखर सोडते म्हणाली ती बावीस वर्षांपूर्वी, अजून कॉफी कडू पिते, कारण परत धरते असं म्हणायचं राहून गेलं.

फ्लोरियन माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा संप फुटल्यावर होतो तसा झाला होता.

"ऑगी, मला आत शांत आणि बाहेर गडगडाट असा सायलेन्सर पाहिजे."

"तसं मलाही लग्न पाहिजे होतं," मी म्हणालो. पण मित्र तो मित्र. ओटिसला घेतलं आणि आम्ही नजीबकडे गेलो.

नजीब बेदून याचं दुकान डिअरबॉर्नच्या वेशीवर आहे. त्याचा बाप लेबनॉनहून आला आणि थेट मोटार कारखान्यात शिरला. नजीब कारखान्याच्या बाहेर राहिला आणि कारखान्यातून निघालेल्या सगळ्या गाड्यांच्या शेपट्या बदलून श्रीमंत झाला. बढाईखोर माणूस. त्याच्याकडे गेलं की आधी वेलचीची कॉफी, मग बढाई, मग काम, आणि मग पुन्हा बढाई.

"फ्लोरियनभाई," तो म्हणाला, "सायलेन्सर तीन जातींचे. बाकी सगळी दुकानदारी. एक, सरळ नळी आणि भोवती काचेची लोकर. दुसरा, आत आतड्यासारखी नळी फिरवलेला, मवाळ. तिसरा, आत कप्पे केलेला. आवाज या खोलीतून त्या खोलीत हिंडतो, भिंतींवर डोकं आपटतो आणि घोगरा होऊन बाहेर पडतो. बोल, काय घालू?"

"सगळे," फ्लोरियन म्हणाला.

पहिला लोकरीचा घातला. तो चालू झाला तेव्हाचं मी सांगतो ते अर्धं घ्या, पण अर्धं तरी घ्या. नदीकाठच्या दलदलीतून मस्करॅट, म्हणजे आमचे पाणउंदीर, बाहेर आले आणि रांगेनं रस्त्याच्या कडेला उभे राहिले. लेंटच्या शुक्रवारी आमच्याकडे मांस वर्ज्य, पण मस्करॅट चालतो; तसा शुक्रवार असता तर चर्चच्या मंडळींनी ते तिथल्या तिथे कांद्यावर परतले असते. ओटिसच्या कवळीचे वरचे दात खालच्यांशी बोलायला लागले. हेडी घरातून बाहेरसुद्धा आली नाही. तिनं खिडकीतून नुसती बसची वेळ लिहिलेला कागद दाखवला. काढला तो.

दुसरा मवाळ. हा इतका मवाळ निघाला की फ्लोरियननं किल्ली फिरवली, इंजिन चालू झालं आणि त्याला कळलंच नाही. तो पुन्हा किल्ली फिरवतो, स्टार्टर किंचाळतो, पुन्हा फिरवतो, पुन्हा किंचाळतो. चौकात पोलिसानं थांबवून कौतुकानं विचारलं, "आजोबा, विजेवरची करून घेतली का?" फ्लोरियन घरी येऊन अंथरुणावर पडला. हेडीनं सूप नेलं ते घेईना.

"अगं, मेलेल्याच्या तोंडावर चादर घालतात ना, तसं वाटतंय," तो म्हणाला.

"मला तर फार आवडला," हेडी म्हणाली. "चर्चपर्यंत गेलो तेवढ्यात मी लॉटीचं निम्मं ऑपरेशन सांगून झाले होते."

"तेच तर!" फ्लोरियन कण्हला.

मग तिसरा, कप्प्यांचा. नजीबनं तो वेल्डिंग करून बसवला, पुसला, आणि लांब उभा राहून स्वतःच पसंत केला. फ्लोरियननं गाडी चालू केली. आम्ही तिघं रिवाजाप्रमाणे मागच्या बंपरशी जाऊन उभे राहिलो, खिशात हात घालून, माना खाली. कबरस्तानात आणि सायलेन्सरच्या मागे माणसं अशीच उभी राहतात. उभ्या गाडीचा आवाज गोड होता, खोल होता. पण उभ्या गाडीवरून काही ठरत नाही, उभा नवराही गरीबच दिसतो. परीक्षा रस्त्यावर. आणि परीक्षक हेडी.

हेडीची परीक्षा साधी होती. आमच्याकडे स्टेअरिंग डावीकडे, तेव्हा ती आपल्या उजवीकडच्या जागेवर बसायची, गाडी महामार्गाला लागली की बोलायला सुरुवात करायची, आणि फ्लोरियननं योग्य जागी हुंकार दिला की सायलेन्सर पास. मी आणि ओटिस माझ्या गाडीतून मागोमाग गेलो आणि फ्लॅट रॉकच्या पेट्रोल पंपावर निकाल ऐकायला थांबलो.

"पास!" फ्लोरियन खिडकीतून ओरडला. "आत अगदी दिवाणखाना आहे. टाचणी पडली तर ऐकू येईल."

"हो का?" हेडी खाली उतरली. तिनं कानांवरून हात फिरवले. "मी काय सांगितलं ते सांग बघू यांना."

"लॉटीचं. लॉटीचं चाललं होतं."

"लॉटीनं काय केलं?"

फ्लोरियननं आमच्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं.

"मी म्हटलं," हेडी म्हणाली, "लॉटीनं काल येऊन तुझ्या कार्ब्युरेटरमध्ये बिटाचं सूप ओतलं. त्यावर हा म्हणाला, छान, छान. मग मी म्हटलं, मी फादरबरोबर पळून कॅनडाला जातेय. हा म्हणाला, छान, छान, स्वेटर घे."

"स्वेटर घे म्हणजे काहीतरी ऐकलंच होतं," ओटिस मध्ये पडला.

"कॅनडा ऐकलं होतं," फ्लोरियन बारीक आवाजात म्हणाला. मग एकदम चिडला. "पण हेडी, तू उगाच वाढवून सांगतेस. मी आतच बसलो होतो ना? माझ्या जागेवर एवढा आवाज नाही. थोडी गुणगुण आहे. गाडी म्हटलं की गुणगुण असायचीच."

"गुणगुण! माझ्या दाढांत मधमाश्यांचं पोळं लागलंय!"

दोघं बोलत बोलत, म्हणजे न बोलता, घरी गेले. बसचं तिकीट शनिवारपर्यंत सांगायचं होतं. फ्लोरियनला आता एकच रस्ता दिसत होता, मवाळ सायलेन्सर परत घालायचा आणि उरलेलं आयुष्य चादरीखाली काढायचं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा दुकानात गेलो तेव्हा नजीबनं कॉफी ओतली. कपाळाला हात लावून बसलेल्या फ्लोरियनकडे पाहून तो म्हणाला, "एक विचारू का, भाई? राग मानू नकोस. तू ज्या गडगडाटासाठी रडतोयस, तो तू कधी ऐकलायस?"

"म्हणजे काय? रोज ऐकतो!"

"आत बसून. आत येतो तो उरलासुरला आवाज. खरा आवाज मागे रस्त्यावर पडतो, आणि तो दुसऱ्यांच्या वाट्याला जातो. तू तुझी गाडी धावताना बाहेरून कधी ऐकलीच नाहीस. कशी ऐकणार? धावते तेव्हा तू आत! कुणास ठाऊक, बाहेरून गवत कापायच्या यंत्रासारखी वाजत असेल. मग कशासाठी बायकोशी भांडतोस?"

मी खरं सांगतो, पन्नास वर्षं त्या गाडीमागे उभा राहिलेला मी, पण हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. आमच्याकडचा प्रत्येक माणूस आपल्या गाडीच्या आवाजासाठी जीव टाकतो, आणि तो आवाज त्याच्याखेरीज सगळ्या गावाला ठाऊक असतो.

"मग बाहेरून ऐकायचं," फ्लोरियन सावकाश म्हणाला. "भरपूर पळवून ऐकायचं. ऐकण्यासारखा असला तर हाच ठेवीन आणि हेडीला लॉटीच्या बसमध्ये बसवून शुभेच्छा देईन. नसला तर मवाळ घाल आणि मिटव." मग त्याच्या ध्यानात आलं. "पण मग चालवणार कोण?"

ओटिसचा हात कॉफीच्या कपावरून कधी वर गेला कळलंही नाही. माझाही गेला होता. आम्ही दोघं या एका प्रश्नाची वाट बघत म्हातारे झालो होतो.

"ओटिस, तू गॅरेजचं दार न उघडता गाडी बाहेर काढली होतीस," फ्लोरियन म्हणाला.

"एकदाच! आणि दार कागदाचं होतं."

"ऑगी, तू तर…" त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पुढे बोलावं असंही त्याला वाटलं नाही. नजीबनं छातीवर हात ठेवला. फ्लोरियननं मान हलवली. नजीबला दिली तर तो गाडी चालवताना बढाई मारायला दोन्ही हात वापरील. बातमी फुटली आणि संध्याकाळपर्यंत फादर केनीसुद्धा येऊन गेले. म्हणाले, "मी ब्रह्मचारी माणूस, मला कुठं पोचायची घाई नाही. माझ्या हाती गाडी सुरक्षित." फ्लोरियननं त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "फादर, तुमच्यावर माझा आत्मा सोपवलाय. तेवढ्यावर समाधान माना."

शुक्रवारी सकाळी आम्ही सगळे नदीकाठी जेफर्सन रस्त्यावर जमलो. पोलाद कारखाना बंद पडल्यापासून तिथं रस्ता मोकळा असतो. फ्लोरियन किल्ली मुठीत धरून उभा. चालवणारा अजून ठरलेला नव्हता. हेडी सँडविचं घेऊन आली होती. तिनं पिशवी माझ्या हातात दिली, फ्लोरियनची मूठ उलटी केली, एकेक बोट उघडलं आणि किल्ली काढून घेतली.

"हेडी! अगं, क्लच जड आहे!"

"आणि मी काय हलकी आहे?" ती आत बसली आणि तिनं सीट पुढे ओढली. ती सीट अडुसष्ट सालापासून हलली नव्हती. तिचा जो आवाज झाला तो ऐकून फ्लोरियननं डोळे मिटले.

आता एक गोष्ट सांगायला हवी. पोरं शाळेला लागल्यावर हेडी असेंब्ली प्लँटमध्ये कामाला होती. तिचं काम काय? तयार झालेली गाडी पट्ट्यावरून उतरली की तिच्यात बसायचं, इंजिन चालू करायचं आणि ती बाहेर पटांगणात नेऊन लावायची. दिवसभर, एकामागून एक. सगळ्या वायंडॉटनं मिळून जेवढ्या नव्या गाड्यांना हात लावला नसेल, तेवढ्या तिनं पहिल्यांदा चालवल्या होत्या. फ्लोरियनला हे ठाऊक होतंच. पण सकाळी डबा घेऊन बायको कामाला जाते, हे ठाऊक असणं वेगळं, आणि ती तिथं काय करते हे डोळ्यांनी पाहणं वेगळं.

ती गाडी घेऊन लांब गेली, वळली, आणि क्षणभर तिथंच उभी राहिली. मग आली.

मी खूप थापा मारतो, इथं मारत नाही. कारण इथं माझ्याकडे थापच नाही. आधी जमिनीतून काहीतरी आलं, बुटांच्या तळव्यातून. मग तो आवाज रस्ताभर पसरत आला, भरदार, घोगरा, आपली ताकद ठाऊक असलेल्या माणसासारखा. आमच्यासमोर येताच हेडीनं गिअर बदलला. गिअर बदलताना एक श्वास घेतात ना गाड्या, तो घेतला, आणि जी गर्जना उठली ती बंद कारखान्याच्या भिंतीवर जाऊन आपटली आणि पुन्हा आमच्याकडे परत आली. ओटिसनं टोपी काढली.

फ्लोरियनचं तोंड उघडं होतं. "ही माझी?" तो म्हणाला. "ऑगी, ही माझी गाडी आहे?"

"तुझीच."

"इतकी वर्षं तुम्ही हे ऐकत होता? आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"आम्हाला वाटलं तुला माहीत आहे."

तो रडायला लागला. नजीबनं दुसरीकडे तोंड फिरवून खिशातला रुमाल काढला. आणि या सगळ्या भावनांच्या गडबडीत आमच्या उशिरानं लक्षात आलं, की हेडी थांबलेली नव्हती. ती थेट निघून गेली होती.

"वळेल," मी म्हणालो.

"ऐक," फ्लोरियन म्हणाला. त्यानं कानातल्या यंत्राची चक्री पूर्ण फिरवली. "ऐका, ती फोर्ट स्ट्रीटकडे वळली. सिग्नलला थांबली… गेली! अरे देवा, पहिल्या गिअरमध्ये केवढी ओढतेय! नाही, बदलला. सुरेख बदलला." थोडा वेळ गेला. "आता फाटक. फाटकावर हळू घेतली. शाबास. आता… आता कुठंय? बेटावर जाणारा पूल. लोखंडी जाळीवरून जातेय, टायर गुणगुणतायत. ही बेटावर कशाला चालली आहे?"

आम्हाला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. पण त्याचा चेहरा बघूनच सगळा रस्ता दिसत होता. आम्ही सँडविचं खाल्ली. त्याचंही खाल्लं.

हेडी परत आली तेव्हा सूर्य डोक्यावर होता आणि तिच्या हनुवटीला कोनीची, म्हणजे आमच्याकडच्या हॉटडॉगवरची, मोहरीची चटणी लागलेली होती. केस उभे राहिले होते. मी तिला लग्नात पाहिली होती, तेव्हा ती इतकी तरुण नव्हती.

"हाच ठेव," ती खिडकीतून म्हणाली. "फार छान आहे."

"अगं, पण आतला आवाज? दाढांतलं पोळं?"

"इथं काहीच नाही. तू खरं बोलत होतास, फ्लोरियन. इथं नुसती गुणगुण आहे. टाचणी पडली तर ऐकू येईल." तिनं उजवीकडचं दार उघडलं. "तू इकडे बस."

फ्लोरियन त्या दाराशी जाऊन घुटमळला. आपल्याच गाडीत कुठल्या बाजूनं चढायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं आधी डावा पाय घातला, मग काढला, मग उजवा घातला. कसाबसा बसला. ती जागा त्यानं जन्मात पाहिली नव्हती.

दोघं मैलभर गेले आणि आले. फ्लोरियन उतरला तेव्हा त्याचा जबडा आपोआप हलत होता.

"मधमाश्या," तो म्हणाला.

नजीब गाडीखाली डोकावून आला. "साहजिक आहे. आवाज पाण्यासारखा असतो, कुठंतरी एका कोपऱ्यात साचतो. याचा कोपरा नेमका उजव्या सीटवर आहे. कुठलाही दणकट सायलेन्सर घाल, तिथंच साचणार."

"आधीच्या सायलेन्सरचाही?"

"त्याचाही."

फ्लोरियननं हेडीकडे पाहिलं. "पन्नास वर्षं?"

"पन्नास वर्षं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले नाही? दर वेळी बोलले! मी म्हणायचे, फ्लोरियन, जरा मला चालवायला दे. दर वेळी म्हणायचे. टोलिडोला जाताना म्हटलं, चेल्सीला जाताना म्हटलं, माझ्या आईच्या मयताला जाताना म्हटलं. दर वेळी तू म्हणालास, छान, छान. आणि चालवत राहिलास. पुलाच्या रस्त्यावर पाच तासांत मला हेच सांगायचं होतं, दुसरं काय!"

ओटिसनं माझ्या बरगडीत कोपर मारलं. हसायची ती वेळ नव्हती, म्हणून आम्ही दोघं नदीकडे तोंड करून हसलो.

नजीब धंद्याचा माणूस. त्यानं बोटावर हिशेब मांडला. "भाई, आता सरळ आहे. मवाळ सायलेन्सर घातला तर तू चालव, हेडीताई शेजारी बसतील, गप्पा मारतील. हाच ठेवलास तर हेडीताई चालवतील आणि मधमाश्या तुझ्या. गडगडाट पाहिजे की स्टेअरिंग पाहिजे? दोन्ही एका तिकिटात मिळत नाहीत. मला दुकान उघडायचंय, लवकर सांग."

फ्लोरियन गाडीभोवती एक फेरी मारून आला. बंपरवर हात ठेवून उभा राहिला. मोहरी पुसून हेडी वाट बघत राहिली, आणि मला दिसत होतं की तिची मान ताठ असली तरी किल्ली धरलेली मूठ पांढरी पडली आहे.

"हेडी," तो शेवटी म्हणाला, "तू जाताना तो दुसरा गिअर टाकलास, तसा मला कधी जमला नाही."

"तू क्लच घाईनं सोडतोस."

"पुलापर्यंत तू चालव."

"आणि तू?"

"मी बसेन. एक अट आहे. मी सांगेन तिथं मला खाली उतरवायचं, आणि थोडं मागे जाऊन माझ्यासमोरून पळवायची."

आता पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही, पण वाटेवरच्या माणसांना विचारून खात्री केलेली आहे. जूनमध्ये ते दोघं निघाले. पाच तासांचा रस्ता त्यांना दोन दिवस लागला. फ्लोरियन फ्लिंटच्या पुढे उतरला, सॅगिनॉला उतरला, ग्रेलिंगच्या देवदारांत तर तीनदा उतरला, कारण झाडांतून आवाज वेगळा येतो म्हणे. रस्त्याकडेला टोपी हातात घेऊन उभा असलेला म्हातारा, समोरून गरजत जाणारी हिरवी गाडी, आत मूठभर म्हातारी. लोकांना वाटायचं बाईनं नवऱ्याला टाकून दिलं. एका ट्रकवाल्यानं दया येऊन त्याला आत घेतलंसुद्धा. फ्लोरियन म्हणाला, "थांबा, ती आता परत येते." ट्रकवाला म्हणाला, "बाबा, सगळे असंच म्हणतात."

वाटेत सरळ रस्ता लागला की हेडी खिडकी खाली करून गाणं म्हणायची. फ्लोरियनला ते ऐकू येत नव्हतं, त्याच्या दाढांत पोळं होतं. पण तिचे ओठ हलताना तो बघत राहायचा, आणि आता 'छान, छान' म्हणायची त्याची छाती नव्हती. तो दर वेळी विचारायचा, "काय म्हणालीस? गाडी थांबव आणि सांग." ती थांबवून सांगायची. त्यातही पुष्कळ वेळ गेला.

पुलाच्या अलीकडच्या चौकशी केंद्रावर घोळ झाला. फ्लोरियनला पुलाच्या मध्यावर उतरून ऐकायचं होतं. खिडकीतली मुलगी म्हणाली, पुलावर उतरता येत नाही, पायी चालता येत नाही, आणि म्हाताऱ्या माणसांनी असले नाद करू नयेत. हेडीनं गाडी बाजूला घेतली. दोघांनी बराच वेळ विचार केला. लॉटीची बस मागून येऊन पुढे निघून गेली, लॉटीनं काचेतून हात हलवला.

मग फ्लोरियन या काठालाच उतरला आणि हेडी एकटी पुलावर चढली.

पाच मैल लांब पूल आहे तो, खाली दोन सरोवरांचं पाणी. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला नवरा या तीरावर कठड्याला टेकून उभा, मांस-बटाटा भरलेल्या गरम पेस्टीचा कागद हातात, कानातल्या यंत्राची चक्री शेवटपर्यंत फिरवलेली. बायको त्या तीराच्या वाटेवर. शेजारी एक पर्यटक बाई उभी होती, तिनं विचारलं, "कुणाची वाट बघताय का?"

"शूः," फ्लोरियन म्हणाला. "मधल्या जाळीवर आली आहे. आता गिअर बदलेल."